त्या रकान्यात ‘सूड’ लिहिलेला नव्हता

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचे गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यात आहे. माझ्या आजोबांचे धाकटे बंधू नागपूरला कॉलेजात शिकत असताना वायुदलात भरती झाले आणि दुसऱ्या महायुद्धात वैमानिक झाले, असे आमच्या घरात सांगतात. १९४४ च्या उन्हाळ्यात ते ‘बेपत्ता’ असल्याची तार आली. तेव्हा त्यांचे वय २२ वर्षांचे होते. काही महिन्यांनी पुलगावहून आर्वीला येणाऱ्या छोट्या गाडीने त्यांची लोखंडी पेटी आली. त्या पेटीत निळसर कापडी पुठ्ठ्याची एक वही होती; तिचा अर्धा भाग पुढे वाळवीने खाल्ला. उरलेल्या पानांवर जवळजवळ प्रत्येक ओळीत इंग्रजीत ‘व्हेंजन्स’ असे लिहिलेले आहे. गावच्या मास्तरांनी त्याचा अर्थ ‘सूड’ असा सांगितला आणि तेव्हापासून त्यांनी कोणाचा तरी सूड घेण्याची शपथ घेतली होती, असे घरात मानले जाते. त्यापुढे ‘सेल्फ’ हा शब्द आहे आणि त्याच्याही पुढे एक आडनाव वारंवार येते, जे आपल्याकडचे नाही. शेवटच्या ओळीचे अक्षर वेगळे आहे, तिथे ‘टी, आय, डी, डी’ एवढीच अक्षरे लागतात आणि वेळेचा रकाना कोरा आहे. मागच्या वर्षी मी दिल्लीला गेलो तेव्हा इंडिया गेट आणि राष्ट्रीय समर स्मारक अशा दोन्ही ठिकाणी त्यांचे नाव शोधले. कोठेच सापडले नाही. माझे चुलत बंधू म्हणतात की ही सगळी कथाच रचलेली आहे. खरे काय आहे आणि नाव कोठे शोधावे? आमच्या पणजीने शेवटपर्यंत त्यांचे श्राद्ध करू दिले नाही. आता ते करावे का, आणि कोणत्या तिथीला?

उत्तर : आपले पत्र मी तीन वेळा वाचले. मी स्वतः वायुदलात एंजिन फिटर होतो, त्यामुळे वहीचे वर्णन वाचताच ती कशाची वही आहे ते ओळखले. ती वैमानिकाची ‘लॉगबुक’ आहे, म्हणजे त्याने केलेल्या प्रत्येक उड्डाणाची नोंदवही. तिचे रकाने ठरलेले असतात : तारीख, विमानाचा प्रकार आणि क्रमांक, वैमानिकाचे नाव, दुसऱ्या माणसाचे नाव, कामगिरी आणि उड्डाणाचा वेळ. ‘व्हेंजन्स’ हा शब्द विमानाच्या रकान्यात आहे. ते विमानाचेच नाव होते. अमेरिकेतील व्हल्टी कंपनीने बांधलेल्या या विमानाला ‘व्हल्टी व्हेंजन्स’ म्हणत. आपल्या आजोबांच्या बंधूंनी कोणाच्या सुडाची शपथ घेतली नव्हती. आपण कोणते विमान उडवले एवढेच ते रोज संध्याकाळी शिस्तीने लिहीत होते. मास्तरांचीही यात चूक नाही. शब्दाचा अर्थ त्यांनी बरोबर सांगितला, फक्त तो रकाना कशाचा आहे ते त्यांना कोणी सांगितले नव्हते.

हे विमान भारतीय वायुदलाच्या दोनच तुकड्यांकडे होते, सातव्या आणि आठव्या स्क्वाड्रनकडे. दोन्ही तुकड्या डिसेंबर १९४२ मध्ये उभ्या राहिल्या. आठवी स्क्वाड्रन डिसेंबर १९४३ पासून चितगावच्या बाजूने ब्रह्मदेशाच्या किनारपट्टीवरील आराकानच्या आघाडीवर लढली. सातवी मार्च १९४४ मध्ये आसामातील काचर भागात, सिल्चरजवळच्या उदरबंदच्या धावपट्टीवर दाखल झाली. स्क्वाड्रन लीडर हेम चौधरी तिचे प्रमुख होते. आपल्या वहीतील शेवटच्या ओळीतली ‘टी, आय, डी, डी’ ही अक्षरे मला फार महत्त्वाची वाटतात. इंफाळहून दक्षिणेला ब्रह्मदेशातल्या चिन टेकड्यांतून टिड्डिम या गावी रस्ता जातो. १९४४ च्या त्या उन्हाळ्यात जपानी सैन्य इंफाळवर चाल करून येत असताना त्याच्या कुमकीची आणि दाणागोट्याची एक मुख्य वाट हाच रस्ता होता आणि काचरमधून उडणाऱ्या व्हेंजन्स विमानांनी त्या वाटेवरचे पूल, तळ आणि दारूगोळ्याचे साठे वारंवार फोडले. म्हणून आपला शोध सातव्या स्क्वाड्रनपासून सुरू करावा, असे मी सुचवतो. वहीत प्रत्येक महिन्याच्या अखेरीस एक गोषवारा असतो आणि त्याखाली तुकडीचा शिक्का व अधिकाऱ्याची सही असते. वाळवीतून असे एखादे पान वाचले असेल तर ते भिंगाखाली पाहा. शिक्क्यातला एक आकडा मिळाला तरी पुष्कळ झाले.

व्हेंजन्स हे सुळकी मारून बॉम्ब टाकणारे विमान होते. ते कसे काम करीत असे ते सांगायला हवे, कारण त्याशिवाय २२ वर्षांचा मुलगा रोज काय करीत होता ते घरच्यांना कळणार नाही. तळ्यावर काबरा खंड्या एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि मग चोच खाली करून सरळ पाण्यात पडतो, ते आपण पाहिले असेल. हे विमान साधारण दहा-बारा हजार फुटांवरून तसेच, जवळजवळ उभे, खाली येत असे. त्याचे पंख मुद्दाम अशा कोनात बसवलेले होते की उभ्या सुळकीत विमान लक्ष्यापासून बाजूला सरकू नये. त्यामुळे सपाट उडताना मात्र त्याचे नाक वर राही आणि वैमानिकाला समोरचे नीट दिसत नसे. पंखांवर जाळीदार ब्रेक उघडत, म्हणजे वेग आटोक्यात राही. पोटात ५०० पौंडांचे दोन आणि पंखांखाली २५० पौंडांचे दोन बॉम्ब असत. जंगलात शत्रू डोळ्यांनी दिसत नसे, म्हणून खालचे आपले सैनिक धुराचे गोळे टाकून जागा दाखवीत आणि त्या धुरावर नेम धरून विमान खाली येई. सुमारे तीन हजार फुटांवर बॉम्ब सोडून विमान वर खेचताना अंगातले रक्त पायांकडे उतरते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. ही अंधारी क्षणभराचीच असते, पण त्याच वेळी आजूबाजूला आठ-नऊ हजार फुटांच्या टेकड्या आणि मे महिन्यात जमू लागलेले काळे ढग असत. त्या आघाडीवर शत्रूच्या तोफांइतकीच भीती ढगांची होती. एकाच चौदा सिलिंडरच्या एंजिनावर दोन जीव अवलंबून होते आणि ते एंजिन तेल फार खात असे. आमच्या धंद्यातला माणूस हे वाक्य वाचून गप्प होईल.

दोन जीव म्हणालो, ते आपल्या पत्रातल्या सर्वांत मोलाच्या गोष्टीकडे यावे म्हणून. ‘सेल्फ’ म्हणजे ‘मी स्वतः’. वैमानिक आपल्या नावाच्या जागी तसे लिहितो. त्यापुढचे आडनाव त्यांच्या मागच्या आसनावर बसणाऱ्या माणसाचे आहे. तो नकाशा पाहून दिशा सांगे आणि मागच्या बाजूच्या मशीनगनही चालवी. सुळकी मारताना वैमानिकाच्या डोळ्यांसमोर जमीन धावून येई, तेव्हा मागे तोंड करून बसलेल्या या माणसाला फक्त वरचे आकाश दिसे. विमान वर उचलले गेले की मात्र बॉम्ब कोठे पडला ते त्यालाच आधी दिसे. तेच एक आडनाव पानामागून पान येत असेल, तर ती जोडी ठरलेली होती असे समजावे. आपण आजवर एका माणसाचा शोध घेतलात. माझी आग्रहाची विनंती आहे की यापुढे दोघांचा घ्या. एकाच विमानातून गेलेल्या दोन माणसांची नोंद वेगवेगळ्या घरी गेली, पण तारीख एकच राहिली. आपल्या घरातली तार हरवली असली तरी त्या घरातली राहिली असेल, आणि त्यांच्याकडे फोटो नसेल तर तो कदाचित आपल्या पेटीत असेल. ते घर आज पंजाबात असेल, मद्रासकडे असेल किंवा फाळणीनंतर सीमेपलीकडेही असेल. तरीही शोधावे.

शेवटच्या ओळीचे अक्षर वेगळे का, असे आपण विचारले नाही. बहुधा विचारवले नसेल. वैमानिक आपली नोंद परत आल्यावर करतो. वही तळावर राहते आणि माणूस वर जातो. जो परत आला नाही त्याची शेवटची ओळ पुष्कळदा तुकडीतला सहकारी किंवा अधिकारी भरीत असे आणि मग वही पेटीत ठेवून पेटी घरी रवाना होत असे. उड्डाण किती वेळ चालले ते त्याला ठाऊक नव्हते, म्हणून तो रकाना कोरा आहे. ती ओळ कोणी पुसट झाली म्हणून पेनाने गिरवू नये. वही कोरड्या सुती कापडात ठेवावी, डांबराच्या गोळ्या पानांना टेकू देऊ नयेत आणि आजच मोबाइलने प्रत्येक पानाचा, कोऱ्या पानांचासुद्धा, फोटो काढून ठेवावा.

आता नावाविषयी. इंडिया गेटवर कोरलेली नावे पहिल्या महायुद्धातील आणि त्यानंतरच्या अफगाण युद्धाच्या काळातील आहेत. २०१९ मध्ये उघडलेले राष्ट्रीय समर स्मारक स्वातंत्र्यानंतर हुतात्मा झालेल्या जवानांचे आहे. १९४४ मध्ये गेलेला माणूस या दोन्हींच्या मधल्या काळात सापडतो आणि म्हणूनच दिल्लीत दोन्ही ठिकाणी हिंडूनही आपल्याला तो भेटला नाही. नाव न दिसल्यामुळे आपल्या घराची गोष्ट खोटी ठरत नाही. दक्षिण आणि पूर्व आशियाच्या आकाशात गेलेल्या आणि ज्यांचा देह सापडला नाही अशा राष्ट्रकुलातील वायुसैनिकांची नावे सिंगापूरला, क्रांजी येथील युद्ध दफनभूमीतल्या स्मारकावर कोरलेली आहेत. १९५७ मध्ये हे स्मारक खुले झाले. त्याचे छप्पर विमानाच्या पंखासारखे पसरलेले आहे आणि त्याखालच्या खांबांवर २४,००० हून अधिक नावे आहेत. तेथे भारतीय वायुदलाची नावेही आहेत. वैमानिक आणि त्याचा मागचा सोबती एकाच दिवशी बेपत्ता झाले असतील तर दोघांची नावे याच स्मारकावर असायला हवीत. पुढे टेकड्यांत देह सापडून दहन झाले असेल तर हिंदू आणि शीख सैनिकांसाठी इंफाळला वेगळे दहन-स्मारक आहे, तेही पाहावे.

सिंगापूरला जाण्याची गरज नाही. ‘कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन’ या संस्थेच्या संकेतस्थळावर नावे विनामूल्य शोधता येतात. मात्र एकाच स्पेलिंगवर अडून बसू नये. ‘ळ’, ‘ण’, ‘ऱ्ह’ ही आपली अक्षरे ज्या कारकुनाला जशी जमली तशी त्याने लिहिली. कधी वडिलांचे नावच आडनाव म्हणून चढले. म्हणून आडनाव टाकून पाहा, वडिलांचे नाव टाकून पाहा आणि काहीच लागले नाही तर ‘भारतीय वायुदल’ आणि १९४४ साल निवडून सगळी यादी डोळ्यांखालून घाला. नोंद मिळाली तर तीत बहुधा हुद्दा, सेवा क्रमांक आणि तारीख असते; काही नोंदींत आईवडिलांची नावे आणि गावही असते. पुढची माहिती हवी असल्यास दिल्लीत संरक्षण मंत्रालयाचा इतिहास विभाग आहे; सेवा क्रमांक आणि तारीख हाती आल्यावर त्यांना लिहावे, आधी नाही, कारण नुसत्या आडनावावरून कोणालाही काही काढता येत नाही.

एक लहानशी तपासणी घरीच करता येईल. आपल्याकडे गणवेशातला फोटो असेल तर डाव्या छातीवरचे चिन्ह पाहा. दोन्ही बाजूंना पंख असतील तर तो वैमानिक. एकच पंख असेल तर मागच्या आसनावरचा माणूस. बाहीवरची पट्टी बारीक असेल तर पायलट ऑफिसर, तिच्याहून रुंद असेल तर फ्लाइंग ऑफिसर. फोटोत दोघे उभे असतील, एकाच्या छातीवर दोन पंख आणि दुसऱ्याच्या छातीवर एक, तर तो दुसरा कोण असू शकतो ते मी पुन्हा सांगत नाही.

प्रश्न : वरील पत्र लिहिणारे माझे चुलत बंधू आहेत आणि ‘सगळी कथा रचलेली आहे’ असे म्हणणारा तो मीच. माझे म्हणणे त्यांनी अर्धेच सांगितले. माझे आजोबा, म्हणजे त्या वैमानिकाचे थोरले बंधू, १९४२ च्या चळवळीत तुरुंगात होते. आष्टीला गोळीबार झाला तेव्हा आमच्या पंचक्रोशीतली माणसे तिथे होती. ज्या इंग्रजांनी आमच्या माणसांवर गोळ्या घातल्या, त्यांचाच गणवेश त्याच घरातल्या मुलाने घातला. आमच्या आजोबांनी भावाचे नाव पुन्हा कधी घेतले नाही. मग आता त्याचा गौरव कशासाठी? आणि इंफाळला आझाद हिंद सेना होती. त्याने बॉम्ब टाकले ते कोणावर?

उत्तर : आपण हे पत्र लिहिलेत याचे मला मनापासून बरे वाटले, कारण हा प्रश्न दडवून पहिल्या पत्राचे उत्तर पुरे होत नाही.

१६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. आष्टीत लोक तिरंगा घेऊन पोलीस ठाण्यावर गेले. गोळीबारात माणसे हुतात्मा झाली आणि संतापलेल्या जमावाच्या हातून पोलीसही मारले गेले. चिमूरलाही त्याच दिवशी उठाव झाला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांना त्याच महिन्यात अटक झाली. या मातीत वाढलेल्या माणसाला त्या दिवसाचे मोल मी सांगण्याची गरज नाही. आपल्या आजोबांचा राग खरा होता आणि त्याचा मान राखूनच मी पुढचे लिहितो.

इंफाळविषयी आपण विचारलेत त्याचे सरळ उत्तर असे की हो, आझाद हिंद सेना तिथे होती. १४ एप्रिल १९४४ रोजी मणिपुरातल्या मोइरांगला तिने तिरंगा फडकवला. टिड्डिमचा रस्ता मोइरांगवरूनच पुढे जातो. बारा हजार फुटांवरून धुराच्या खुणेवर झेपावणाऱ्या वैमानिकाला खाली जपानी आहे की आपला माणूस आहे, हे दिसत नसे. ही दुःखाची गोष्ट आहे आणि ती सौम्य करून सांगण्याचा अधिकार मला नाही. पण खाली इंफाळच्या वेढ्यात अडकलेले, ज्यांच्यासाठी ते धुराचे गोळे टाकले जात होते, तेही बहुसंख्य भारतीय सैनिकच होते.

त्या मुलाने वायुदल का निवडले ते वहीत लिहिलेले नाही आणि त्याच्या वतीने मी कारण रचणार नाही. एवढे मात्र नोंदवतो की सातव्या आणि आठव्या स्क्वाड्रनमधून उडणारे आणि जमिनीवर त्यांची विमाने सांभाळणारे लोक हिंदुस्थानच्या कानाकोपऱ्यांतून आले होते आणि विमान चालवणे, दुरुस्त करणे व तुकडी चालवणे हे काम त्यांनी स्वतः शिकून घेतले. १९४४ मध्ये इंफाळला पहिल्या स्क्वाड्रनचे नेतृत्व करणारे अर्जन सिंग १९६५ च्या युद्धात भारतीय वायुदलाचे प्रमुख होते. आपल्या घरातला मुलगा परत आला असता तर तोही ऑगस्ट १९४७ मध्ये त्याच वायुदलात असता आणि मग आपल्या आजोबांनी त्याला दारात उभे केले असते का, हा प्रश्न दोन भावांमधला होता. त्याचे उत्तर देण्याची संधी त्या दोघांनाही मिळाली नाही. मी गौरव करा असे म्हणत नाही. नाव घ्या असे म्हणतो. माझ्या मते एका घरातून एक भाऊ तुरुंगात गेला आणि दुसरा आघाडीवर, हे दोन्ही त्या घराचेच आहे.

श्राद्धाचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण ते दोन्ही घरांनी मिळून ठरवायचे आहे. आपल्या पणजीने आडकाठी केली ती हट्टाने नव्हे. ‘बेपत्ता’ या शब्दाचा अर्थ त्या काळी खरोखरच अनिश्चित होता. ब्रह्मदेशात उतरावे लागलेले कित्येक वैमानिक रंगूनच्या तुरुंगात कैद होते आणि त्यांतले जे जगले ते १९४५ च्या एप्रिल-मे महिन्यांत सुटले. साधारण सहा महिन्यांनी सरकार कागदावर ‘मृत मानले’ असे लिहीत असे. आईने तसे का मानावे? ज्याचा देह मिळत नाही त्याच्यासाठी आपल्याकडे पळसाच्या पानांचा पुतळा करून पालाशविधी करण्याची रीत आहे. पळस तर आपल्या बांधाबांधावर आहे. तरीही त्या माऊलीने तो करू दिला नाही, म्हणजे ती पुढची तीस-चाळीस वर्षे दाराकडे पाहत होती असा त्याचा अर्थ आहे, आणि तिच्या हयातीत तिचे ऐकले हे आपल्या घराने चांगले केले.

मी याज्ञिक नाही. विधीचे बारकावे गावच्या गुरुजींना विचारावेत. शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्यांसाठी पितृपक्षातली चतुर्दशी सांगितली आहे आणि तिथी ठाऊक नसलेल्यांसाठी सर्वपित्री अमावास्या. नोंदीतली तारीख हाती आली तर जुन्या पंचांगावरून खरी तिथीही निघेल. ती येईपर्यंत चतुर्दशी धरायला हरकत नसावी. तर्पणात नातलगांनंतर आप्त आणि मित्रांनाही पाणी देतात, हे गुरुजी सांगतीलच. वहीच्या चौथ्या रकान्यातले ते आडनाव तेव्हा घ्यावे, असे मला वाटते.

त्या आडनावाची अक्षरे मात्र वहीत जशी दिसतात तशीच, एकही न बदलता, उतरवून मला पाठवा. मी ते या सदरात छापणार नाही. शिक्क्याचे पान सापडले तर त्याच्या फोटोसह यादीशी ताडून पाहीन आणि आपल्या दोघांनाही पत्राने कळवीन.